इंजिनाचं पितळी झाकण

चाळीसगावला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत तोताराम मिस्तरीची पत्र्याची टपरी आहे. पाटीवर अजून 'येथे स्टोव्ह व पेट्रोमॅक्स दुरुस्त करून मिळतील' असं लिहिलेलं आहे. त्यातला पेट्रोमॅक्स उन्हानं पुसट झालाय, आणि खाली नंतर कुणीतरी वेगळ्या हातानं 'गॅस शेगडी, कुकर' एवढं वाढवलंय. तोताराम सोळाव्या वर्षी उखर्डू मिस्तरींच्या हाताखाली या कामाला लागला. आता तो सदुसष्टचा आहे. एवढ्या वर्षांत काय केलं असं कुणी विचारलं असतं, तर त्यानं फार विचार न करता सांगितलं असतं की गळती थांबवली. रॉकेलची, हवेची, मग गॅसची, मग वाफेची.

तो धास्तावलेला माणूस. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. चार पावलं जाऊन पुन्हा मागे येणार. गिऱ्हाईक शेगडी घेऊन गेलं की त्याला वाटायचं, नळीवरची पट्टी आवळली ना आपण? मग सायकल काढून त्याच्या घरी जायचं, पाणी मागायच्या निमित्तानं आत डोकावायचं, आणि ओट्याखाली हात घालून पट्टी चाचपायची. गावातल्या बायकांना ते माहीत झालं होतं. "मिस्तरी, पाणी प्यायला आलात की पट्टी बघायला?" असं त्या सरळ विचारायच्या.

याला कारण होतं. चाळीस वर्षांपूर्वी एका घरचा स्टोव्ह त्यानं दुरुस्त केला होता. टाकीच्या झाकणातला वायसर जुना झालेला त्याला दिसला होता. दिवाळीपर्यंत चालेल, असं म्हणून त्यानं तोच पुन्हा बसवला. आठव्या दिवशी झाकणातून रॉकेलची चिळकांडी उडाली, तिनं पेट घेतला, आणि त्या घरची बाई कोपरापर्यंत भाजली. त्याला कुणी बोल लावला नाही. तिचा नवराच सांगत फिरला की बाईनं पंप जास्त मारला. तोतारामनं ते ऐकून घेतलं आणि मान हलवली. तेव्हापासून झाकण म्हटलं की तो साबणाचं पाणी लावून तीनदा बघतो. एक बुडबुडा दिसला तरी सगळं पुन्हा उघडतो.

दिवाळीनंतर, थंडी पडायला लागली तेव्हा, चारुलता मॅडम त्याच्या टपरीवर आल्या. धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. बहीण चाळीसगावला दिलेली, तिच्याकडे आल्या होत्या. हातात बुटांचा खोका. खोक्यात जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं खेळण्यातलं वाफेचं इंजिन.

असली वस्तू तोतारामनं जन्मात पाहिली नव्हती. पत्र्याच्या पाटावर बसवलेला, दोन मुठी मावतील एवढा पितळी बंब. त्याच्या शेजारी बोटाएवढं सिलिंडर, आणि एक लाल चाक, ज्याचा रंग निम्मा उडालेला. बंबाखाली स्पिरिट जाळायची पन्हाळी. बंबातून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीवर वाफ सोडायची-कोंडायची एक बारीक चावी. आणि बंबाच्या माथ्यावर, पाणी ओतायच्या तोंडावर, आट्यांचं एक झाकण. सगळं हिरवं पडलेलं.

"माझे वडील धुळ्याला गिरणीत फिटर होते," मॅडम म्हणाल्या. "गिरणीच्या जुन्या साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकलं, तेव्हा त्यांनी हे घेतलं. आई म्हणाली, पोरांच्या अंगावर कपडे नाहीत आणि तुम्ही गाडी आणता. मी आठ वर्षांची असताना ते शेवटचं चालवलं. मग वडीलच गेले."

"धुळ्यात दाखवलं नाही का कुणाला?"

"दाखवलं ना. एकजण म्हणाला, मॅडम, ऑनलाइन नवीन घ्या. दुसरा म्हणाला, किलोवर घेतो." त्या हसल्या, पण हसू पुरतं आलं नाही. "मी मे महिन्यात रिटायर होतेय, भाऊ. शेवटचं प्रदर्शन जानेवारीत आहे. आठवीच्या मुलांना एकदा चालताना दाखवायचंय. तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवतेय."

तोतारामनं इंजिन हातात घेतलं. बंब कानाशी नेऊन हलवला. आत कसलेतरी खडे वाजले. नाही म्हणावं, असं त्याला मनापासून वाटलं. आपल्याला जे माहीत नाही त्याला हात लावू नये, हा त्याचा नेम होता. पण बाई त्याच्या हातांकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात इतका भरवसा होता की तो म्हणाला, "ठेवून जा. बघतो."

त्यानं ते महिनाभर बघितलं. स्टोव्हचा बर्नर उघडला की तो सुटे भाग ताटात ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं मांडायचा, तसंच इथंही मांडलं. चिंचेच्या कोळानं आणि मिठानं पितळ घासलं, तेव्हा हिरव्याखालून जुना पिवळा उजेड वर आला. बंबाचा खालचा सांधा उकललेला होता, तो त्यानं डाग देऊन नव्यानं झाळला. सिलिंडरातला दट्ट्या गंजून धरला होता. त्याला चार दिवस डिझेलात बुडवून ठेवलं आणि पाचव्या दिवशी अंगठ्यानं हळू दाबलं, तेव्हा तो केसभर सरकला. तेवढ्यावर त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं. जुन्या मफलरीतून सूत काढून वात वळली. घरी नेलेलं काम संध्याकाळी ओट्यावर, कुंदाबाईच्या भाकरीशेजारीच चालायचं.

"आते त्या गाडीनं लगीनच लावी टाका," कुंदाबाई म्हणाली. "हयद मी दयस."

"दय. पन गाडीवर पीठ उडू देऊ नको."

मग त्यानं ते तपासलं, स्टोव्हची टाकी तपासतो तसंच. बंबात पंपानं हवा भरली, बादलीतल्या पाण्यात बुडवला, आणि श्वास रोखून बघत बसला. त्यानं झाळलेला सांधा कोरडा, ठणठणीत. पण माथ्यावरच्या झाकणातून बुडबुडे येत होते. एक, दोन, मग माळ. त्यानं झाकण काढून चष्म्याजवळ धरलं. त्याच्या मधोमध एक भोक होतं, भोकात एक बारीक खिळी, आणि खिळीवर गंजकी, मरगळलेली स्प्रिंग. ही खिळी कशाला? तो थोडा वेळ विचार करत राहिला. शेवटी त्याला वाटलं, कुणा जुन्या माणसानं भोक पडलेलं झाकण असंच कसंबसं चालवून घेतलं असेल. स्टोव्हच्या झाकणाला भोक नसतं. असलं, तर ते झाकणच नव्हे.

त्यानं भरीव पितळी गज आणला, ओळखीच्या माणसाच्या लेथवर स्वतः उभा राहून नवं झाकण कातून घेतलं. कडेला बोटांना पकड बसावी म्हणून बारीक रेघा पाडल्या. आत फायबरचा वायसर. पुन्हा बादलीत बुडवलं. एक बुडबुडा नाही. वायसरवर वायसर न ठेवता, धागा न गुंडाळता, एकाच वायसरवर नेमकं बसून बंद झालेलं असं सुबक काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. जुनं झाकण त्यानं भंगाराच्या डब्यात टाकलं.

पहिल्यांदा पेटवलं तेव्हा ओट्यावर तो आणि कुंदाबाई दोघंच होती. चावी उघडीच होती. पाच-सहा मिनिटं काही झालं नाही. मग सिलिंडर ओलं झालं, खोकल्यासारखं काहीतरी आलं, तोतारामनं चाकाला बोट लावलं, आणि चाक फिरायला लागलं. टक टक टक टक. कुंदाबाई पिठाचे हात घेऊन जवळ आली आणि तव्यावरची भाकरी विसरून बघत राहिली. तिनं भाकरी करपू देणं म्हणजे केवढी मोठी पावती, ते त्याला ठाऊक होतं.

मॅडम इंजिन घेऊन गेल्या त्याला दहा-बारा दिवस झाले होते. शुक्रवारी दुपारी पुना टपरीवर आला. स्टेशन रोडला त्याची खानावळ होती. त्यानं डाळीचा मोठा कुकर आणला होता, झाकणाची मूठ तुटली म्हणून. तोतारामनं झाकण उलटं केलं आणि त्याचा चेहराच बदलला. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी एक लोखंडी बोल्ट ठोकलेला होता, वर नट आवळलेला.

"पुना, हाई काय करं तू?"

"काय करू मिस्तरी, सारखं फुसफुस करे. दायमधलं बठ्ठं पानी उडी जाये. म्हनीसन बोल्ट मारी दिधा."

"येडा व्हयना का तू?" तोताराम इतक्या मोठ्यानं बोलला की शेजारचा चहावाला वळून बघायला लागला. "वाफले बाहेर पडाले जागा ठेयेल ऱ्हास ती. फुसफुस करस ते तुन्हा भलासाठी करस. ती बंद करी दिधी का कुकर नही, बॉम्ब शे तो. रोज पन्नास मानसे जेवतस तुन्हाकडे. त्यासना..."

तो थांबला.

हातात कुकरचं झाकण तसंच होतं. पुना मान खाली घालून ऐकत होता. बराच वेळ काही ऐकू येईना, तेव्हा त्यानं मान वर केली.

"बोला ना मिस्तरी. थांबनात कसाले?"

तोताराम खाली बसला. भंगाराचा डबा ओढला, त्यात हात घातला, वायसर, निपल, तुटक्या पिना बाजूला करत तळाशी गेला. ते झाकण मिळालं. त्यानं झाकणाच्या आतल्या बाजूनं खिळीवर अंगठा दाबला. ती बाहेर उचलली गेली आणि गंजक्या स्प्रिंगनं तिला हळूच परत खाली ओढलं. भोक उघडलं, भोक मिटलं. झाकण आणि व्हॉल्व्ह एकातच केलेलं होतं, एवढंच. पोर असतं तर त्यालाही कळलं असतं. कुकरवर हेच त्यानं हजार वेळा बसवलं होतं. पण हातात बंब आला, पाणी ओतायचं तोंड दिसलं, आणि त्याच्या डोळ्यांना तिथं स्टोव्हची टाकीच दिसली.

पुनाचा बोल्ट काढून त्यानं नवा व्हॉल्व्ह बसवला, पैसे घ्यायचं विसरला. मग फोन हातात घेतला आणि तो तसाच हातात ठेवून बसला.

त्यानं स्वतःला समजावून बघितलं. चावी उघडी असेल, तर वाफ सिलिंडरातून जाते, चाक फिरतं, काही होत नाही. त्यानं स्वतः चालवून बघितलं होतं की. चावी बंद असेल आणि खाली आग असेल, तरच भीती. तेव्हा मात्र वाफेला कुठेही जागा नाही. त्यानं एकेक जागा स्वतःच्या हातानं बंद केली होती. आणि कोण कशाला चावी बंद ठेवेल?

पाच वाजता त्यानं फोन लावला.

"अरे तोतारामभाऊ," मॅडमचा आवाज उत्साहात होता, मागे मुलांचा गलका. "शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ताच तुमचं नाव निघालं. उद्या दहा वाजता उद्घाटन आहे. तुम्हाला यायचंच आहे. मुख्याध्यापक म्हणाले, फीत कापायची नाही, दिवा लावायचा नाही. इंजिन आधी पेटवून ठेवायचं, चावी बंद ठेवायची, वाफ कोंडून तयार ठेवायची, आणि भाषणं झाली की पाहुण्यांच्या हस्ते चावी उघडायची. चाक फिरलं की उद्घाटन झालं. कशी वाटते कल्पना?"

तोतारामनं जुनं झाकण मुठीत धरलं.

"भाऊ? ऐकू येतंय ना?"

"येतंय. मॅडम, ते झाकण..."

"झाकण काय सुंदर केलंय हो. आमचे सगळे सर बघून गेले. चिमटीत धरून बघतात. मी सगळ्यांना सांगितलं, हे चाळीसगावच्या मिस्तरींचं काम आहे. शाल-श्रीफळ पण ठेवलंय तुमच्यासाठी, नाही म्हणायचं नाही. काय म्हणत होतात झाकणाचं?"

एवढं बोलायचं होतं: पेटवू नका. दोन शब्द. तोताराम ते बोलला नाही. तो म्हणाला, "काही नाही. मी सकाळी लवकर येतो. मी आल्यावरच पेटवा. मला एकदा बघायचंय."

"म्हणजे काय. तुमच्याशिवाय कसं पेटवणार?"

फोन बंद झाल्यावर त्यानं हिशोब मांडला. आपण नऊला पोचू. जुनं झाकण दुरुस्त करून नेऊ. सगळे गडबडीत असतील, आपण इंजिन बघायच्या निमित्तानं हातात घेऊ, नवं काढू, जुनं बसवू. कुणाला सांगायचं काम नाही, कुणाला कळायचं काम नाही. त्यानं खिळी घासली, नवी स्प्रिंग कापून बसवली, स्टोव्हच्या पंपावर रबरी नळीनं झाकण लावून हवा भरली. एका ठरावीक जोराला खिळी उठली आणि हवा फुस्सकन गेली. आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज ऐकून त्याला हायसं वाटलं.

जेवताना कुंदाबाईला सांगावं लागलं, कारण तो नुसताच भाकरी कुस्करत होता.

"मंग सांगं का त्यासले?"

"सकाये जाईसन सांगसू. समोर जाईसन सांगेल बरं."

कुंदाबाईनं आपलं ताट बाजूला सारलं. उठून कोपऱ्यातला फोन आणला, त्याच्या ताटाशेजारी ठेवला, आणि भांडी घासायला निघून गेली. तिची भांडी घासून झाली तरी फोन तिथेच होता.

सकाळी साडेसातची गाडी सव्वाआठला लागली. मेहुणबाऱ्याला गिरणेच्या पुलावर एका बाजूचं काम चाललेलं होतं. पुढे केळीचा ट्रक, मागे ट्रॅक्टर, आणि मधे एसटी. कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळायला लागला. तोतारामच्या खिशात रुमालात बांधलेलं झाकण होतं. तो दर दोन मिनिटांनी खिसा चाचपत होता. फोन लावला. वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. मॅडमनी नवी साडी नेसली असेल, फोन पर्समध्ये, पर्स कपाटात. शाळेचा नंबर त्याच्याकडे नव्हता. काल पाच वाजता त्याच्याकडे सगळं होतं, नंबर, माणूस, वेळ. नदीचं पाणी थंडीत वाफाळल्यासारखं दिसत होतं. त्यानं खिडकीवरून नजर काढून घेतली.

धुळ्याला उतरला तेव्हा दहाला दहा कमी होते. रिक्षात बसला आणि म्हणाला, "देवपूर. आणि जोरात घे." स्वतःच्या तोंडून असं काही निघालेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

शाळेच्या फाटकातच त्याला माइकचा आवाज ऐकू आला. कार्यक्रम सुरू झाला होता. पाहुणे अर्धा तास आधी येऊन बसले होते. असे पाहुणे त्या शाळेला कधी मिळाले नव्हते, म्हणून मुख्याध्यापक भूपेंद्र सरांनी मिस्तरींसाठी थांबायचं नाही, इंजिन पेटवायचं, असं ठरवलं. आता तेच पाहुण्यांचा परिचय करून देत होते. कागदावरून वाचत होते, आणि कागद बराच मोठा होता.

स्टेजवर सतरंजी, सतरंजीवर टेबल, टेबलावर पांढरी चादर. चादरीवर इंजिन. इंजिनाला हळदकुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेला. बंबाखाली निळी ज्योत जळत होती. स्टेजच्या अगदी पुढे, टेबलापासून तीन-चार हातांवर, आठवीची मुलं मांडी घालून बसली होती, कारण त्यांना दिसायला पाहिजे.

तोताराम ऐकत होता. फुसफुस नाही. शीळ नाही. थेंब टपकल्याचाही आवाज नाही. त्याच्या हातानं केलेलं काम गप्प बसलं होतं.

एक शिक्षक लगबगीनं पुढे आले. "तुम्ही मिस्तरी ना? या या. तुमची खुर्ची तिकडे, पाहुण्यांच्या शेजारी."

"किती वेळ झाला पेटवून?"

"झाली दहा-बारा मिनिटं. आधी बसा ना, परिचय संपतोय."

"मला तिथं जाऊ द्या."

"भाऊ, सत्कार नंतर आहे. आत्ता मधे नका जाऊ."

तोतारामनं त्यांचा हात बाजूला केला. मुलांच्या मधून, कुणाच्या गुडघ्याला लागत, कुणाच्या वहीवर पाय पडत तो स्टेजशी पोचला आणि वर चढला. भूपेंद्र सर वाचता वाचता थांबले. चारुलता मॅडम खुर्चीतून उठल्या आणि हसल्या. त्यांना वाटलं, हा आनंदानं आलाय. तोताराम टेबलाशी गेला, मुलांकडे पाठ करून वाकला आणि पन्हाळी ओढली. ती तापलेली होती. बोटं चिकटल्यासारखी झाली. स्पिरिट सांडलं, चादरीवर निळी रेघ पळाली. शेजारचा पाण्याचा तांब्या कुणीतरी तिच्यावर उपडा केला. "मागे सरका, पोरांनो," तो म्हणाला, पण आवाज फुटला नाही. मग त्यानं चावी उघडली.

चाक झटका देऊन फिरलं आणि असं फिरलं की टेबल थरथरलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच क्षणी हाराचा दोरा चाकात गेला, आसाभोवती गुंडाळला, आणि चाक थांबलं. टाळ्या चालूच होत्या. तोतारामला फक्त तो अडकलेला झेंडू दिसत होता. त्यानं दोन्ही हातांनी हार ओढला, तुटेना, तेव्हा दातांनी दोरा तोडला. गाल बंबाला लागला. चाक पुन्हा सुटलं. तो बंबावर छाती ठेवल्यासारखा वाकून उभा राहिला. चाकाचा वेग उतरला, मग टक टक वेगळी ऐकू यायला लागली, मग दोन टकांच्या मधे श्वास घेता यायला लागला, आणि चाक थांबलं.

"काय हे," भूपेंद्र सर माइकपासून तोंड बाजूला घेऊन म्हणाले. "पाहुण्यांच्या हस्ते होतं ते. एवढी काय घाई होती तुम्हाला?"

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सकाळीच लावून आलेत वाटतं."

काही जण हसले. पाहुण्यांनी मोठेपणानं हात हलवला, "असू द्या, असू द्या, उद्घाटन झालं म्हणा." पुन्हा टाळ्या झाल्या. शाल आणली नाही.

मॅडमनी त्याला हाताला धरून प्रयोगशाळेत नेलं आणि नळ सोडला. तोताराम पाण्याखाली बोटं धरून उभा राहिला. इथपर्यंत सगळं निभावलं होतं. पोरं बाहेर धडधाकट होती, बडीशेप-साखर वाटली जात होती. तो म्हातारा, उतावळा, कदाचित प्यायलेला ठरला होता. तेवढ्यावर सुटता आलं असतं.

"काय झालं होतं?" मॅडमनी विचारलं.

त्यानं ओल्या हातानं खिशातला रुमाल सोडला, झाकण टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. भोक, खिळी, बुडबुडे, सगळं. मॅडमनी झाकण उचललं, खिळी दाबली. त्यांना एका दाबण्यात कळलं. त्या स्टुलावर बसल्या. त्यांचा रंग उतरलेला त्यानं बघितला.

"हे माझ्याही लक्षात आलं नाही," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं आकृतीत काढते मी हा व्हॉल्व्ह." मग, त्याच्याकडे न बघता, "तुम्हाला कधी कळलं?"

नळ चालू होता. त्यानं तो बंद केला.

"काल दुपारी."

"म्हणजे फोनच्या आधी."

"हो."

बाहेर माइकवर कुणीतरी बक्षिसांची नावं वाचत होतं. मॅडमनी हातातलं झाकण टेबलावर ठेवलं. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मला पुढे काही सांगू नका," त्या उठत म्हणाल्या. "आठवीला सांगा. ती पुढेच बसली होती."

"मॅडम, मला असं उभं राहून..."

"मला पण येत नव्हतं सुरुवातीला."

आठवीचा वर्ग म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मुलं. तोताराम फळ्यापुढे उभा राहिला. हाताच्या बोटांना मलम, गालावर लाल पट्टा. एका हातात इंजिनावरून काढलेलं नवं झाकण, दुसऱ्या हातात जुनं. बोलायला लागला तेव्हा पहिली दोन वाक्यं फळ्याकडेच बघून बोलला. मग हळूहळू, अर्धं शाळेचं मराठी आणि अर्धं घरचं, त्यानं सांगितलं. स्टोव्हला भोक चालत नाही. वाफेला भोक लागतं. मी हे भोक बुजवलं, कारण मला बुजवायचीच सवय. चूक कळली ती काल दुपारी. मघाशी तुम्ही टाळ्या वाजवल्या, तेव्हा हे फुटायच्या बेतात होतं. फुटलं असतं, तर पितळाचे तुकडे तुमच्या तोंडावर आले असते.

झाकणं बाकांवरून फिरली. मुलं आळीपाळीनं खिळी दाबून बघत होती. दुसऱ्या बाकावरची मयुरी नावाची मुलगी उभी राहिली. तिनं हात वर केला नव्हता.

"काका, तुम्हाला कालच कळलं होतं, मग काल का नाही सांगितलं?"

मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी मुलीला थांबवलं नाही.

"भीती वाटली," तोताराम म्हणाला.

"फुटायची?"

तोतारामला हो म्हणता आलं असतं. सगळ्या वर्गाला ते पटलंही असतं. तो पुरता तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "नाही गं. काल मॅडम फोनवर माझं कौतुक करत होत्या. ते थांबेल, अशी भीती वाटली. तुम्ही कुठं बसणार, हे मी काल मनातच आणलं नाही."

मयुरी थोडा वेळ उभीच राहिली, आणखी काही विचारायचं की नाही याचा विचार करत. मग खाली बसली, आणि झाकण तिनं मागच्या बाकावर दिलं.